बोनसवरचा कर काढायचाय? मग वर्ष दोनदा मोजा

भोसरी एमआयडीसीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी पगाराचं काम बघते. वर्षभर माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. दिवाळीच्या पगाराच्या स्लिपा निघाल्या की मात्र सकाळच्या चहाआधीच टेबलाशी कुणी ना कुणी उभं असतं. "मॅडम, बोनसवर तीस टक्के लावलेत का?" "ताई, एका हातानं दिलंत आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलंत की!" मी आधी बसायला सांगते आणि एक कोरा कागद पुढे ओढते, कारण हे गणित तोंडी सांगून कुणाला पटत नाही. तुम्हीही कागद घ्या. मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर चालेल, पण आकडे लिहून काढा.

आयकर कायद्यात बोनससाठी वेगळा दर नाही. तीस टक्के नाही, दहा टक्के नाही, काहीच नाही. बोनस हा पगारच समजला जातो आणि वर्षाच्या बाकीच्या पगारात मिळवला जातो. म्हणून त्याच्यावरचा कर काढायची खात्रीची रीत एकच. आधी बोनस मिळालाच नाही असं धरून वर्षाचा कर काढायचा. मग बोनस धरून पुन्हा काढायचा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरतो तो बोनसवरचा कर. इंटरनेटवर 'बोनस टॅक्स'चे सोपे फॉर्म्युले मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. दोन स्लॅबच्या, म्हणजे कराच्या दरांच्या दोन टप्प्यांच्या, सीमेवर बोनस आला की ते हमखास चुकतात.

खालची सगळी गणितं आर्थिक वर्ष २०२५-२६ ची, म्हणजे ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत हाती पडलेल्या बोनसची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ आला, त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले. खाली दिलेली कलमं, फॉर्म आणि मर्यादा २०२५-२६ मधल्या आहेत. दोनदा मोजायची रीत त्यानं बदलत नाही.

बोनस म्हणजे काय काय?

नाव काहीही असो, नोकरीमुळे रोख मिळालं की ते मिळवायचं. दिवाळी बोनस, परफॉर्मन्स बोनस, जॉइनिंग बोनस, 'थांबा हो' म्हणून दिलेला रिटेन्शन बोनस, महापालिकांचं सानुग्रह अनुदान, सगळं आलं. रेल्वेवाल्यांचा ७८ दिवसांचा बोनस १७,९५१ रुपये येतो, तोही करपात्र. तो सगळ्यांना सारखाच येतो, कारण ७,००० रुपये महिना ही मर्यादा धरून हिशोब होतो: ८४,००० भागिले ३६५, गुणिले ७८. 'सरकारी बोनस आहे, त्याला कर नाही' असं आमच्या नात्यातल्या एका रेल्वेवाल्यांचं ठाम मत आहे. दर दिवाळीत फराळाच्या ताटावर आमचा हा वाद होतो.

सूट आहे ती वस्तूंना. मिठाईचा पुडा, चांदीचं नाणं, दुकानाचं गिफ्ट व्हाउचर असं सगळं मिळून वर्षात ५,००० रुपयांच्या आत असेल तर २०२५-२६ मध्ये ते पगारात धरत नाहीत. पाकिटात घालून दिलेले रोख ५,००० मात्र धरतात. 'गिफ्ट' असं पाकिटावर लिहिलं म्हणून फरक पडत नाही.

बोनसच्या कायद्यात बसणारे, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले, त्यांनी पुढची आयकराची गणितं वाचली नाहीत तरी चालेल. किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के या हिशोबानं त्यांना जो बोनस मिळतो तो आणि वर्षाचा पगार मिळूनसुद्धा, दुसरं उत्पन्न नसेल तर, त्यांना कर लागत नाही. त्यांच्या स्लिपवर टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापलेला आयकर, दिसला तर काहीतरी चुकलंय. सरळ पगार विभागात जाऊन विचारा.

आणि कुठल्या वर्षाचा धरायचा? हा प्रश्न हटकून येतो. "बोनस तर २०२४-२५ चा आहे ना?" असेल. पण पगार देय झाला ती तारीख आणि हाती आला ती तारीख, यातली जी आधीची त्या वर्षात तो जातो. २०२४-२५ च्या कामाचा बोनस ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाला आणि तेव्हाच दिला, तर तो २०२५-२६ च्या पगारात.

आता कागदावर

कर मोजायच्या दोन प्रणाली आहेत, जुनी आणि नवी; जुनीचं पुढे सांगते. नव्या करप्रणालीचे २०२५-२६ चे स्लॅब असे. ४ लाखांपर्यंत काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. निघालेल्या करावर ४ टक्के उपकर. पगारदाराला आधी ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. उत्पन्न ५० लाखांच्या वर असेल तर अधिभारही लागतो, पण तेवढा पगार असलेला माणूस माझ्या टेबलाशी येत नाही, त्याचा सीए येतो.

दर वेळी सगळे स्लॅब खालून वर मोजत बसू नका. प्रत्येक सीमेपर्यंत साठलेला कर कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: ८ लाखांपर्यंत २०,०००; १२ लाखांपर्यंत ६०,०००; १६ ला १,२०,०००; २० ला २,००,०००; २४ ला ३,००,०००. मग फक्त वरचा तुकडा मोजायचा राहतो.

आमच्या डिझाइन विभागातल्या एका इंजिनिअरचं उदाहरण घेते. आकडे सोयीसाठी गोल केलेत. पगार महिना १,२५,०००, म्हणजे वर्षाचे १५,००,०००. बोनस २,००,०००. प्रणाली नवी.

बोनस न धरता:
१५,००,००० वजा ७५,००० = १४,२५,०००
१२ लाखांपर्यंतचा कर ६०,०००
वरच्या २,२५,००० वर १५ टक्के = ३३,७५०
एकूण ९३,७५०, उपकर ३,७५०
वर्षाचा कर ९७,५००

बोनस धरून:
१७,००,००० वजा ७५,००० = १६,२५,०००
१६ लाखांपर्यंतचा कर १,२०,०००
वरच्या २५,००० वर २० टक्के = ५,०००
एकूण १,२५,०००, उपकर ५,०००
वर्षाचा कर १,३०,०००

फरक ३२,५००. दोन लाखांच्या बोनसवर हा कर पडतो सव्वासोळा टक्के. बोनसपैकी १,७५,००० रुपये १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये बसले, शेवटचे २५,००० वीसच्या स्लॅबमध्ये गेले. इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे: 'बोनसनं मला वीसच्या स्लॅबमध्ये ढकललं, आता सगळ्या पगारावर वीस टक्के.' तसं होत नाही. वीस टक्के फक्त त्या २५,००० वर लागले, खालच्या पगाराला कुणी हात लावला नाही.

वजावट दुसऱ्यांदा घेऊ नका, हेही सांगते. ७५,००० वर्षाला एकदाच. पगारातून वजा झाली की बोनसला ती पुन्हा मिळत नाही.

मग स्लिपवर एवढी कात्री का?

त्या इंजिनिअरला एप्रिल ते सप्टेंबर दरमहा ८,१२५ टीडीएस जात होता. ९७,५०० भागिले १२. ऑक्टोबरच्या स्लिपवर दिसले ४०,६२५. माणूस घाबरतोच. पण फोड केली की ८,१२५ नेहमीचे आणि ३२,५०० बोनसचे. आमचं सॉफ्टवेअर बोनसवरचा सगळा कर त्याच महिन्यात घेतं. काही कंपन्या तो उरलेल्या महिन्यांवर पसरवतात. तसं केलं असतं तर सहा महिन्यांत ४८,७५० जाऊन ८१,२५० उरले असते आणि ऑक्टोबर ते मार्च दरमहा १३,५४२ च्या आसपास कापले गेले असते. दोन्हीकडे मार्चअखेर बेरीज १,३०,००० च. कायद्यानं मालकानं वर्षाच्या अंदाजे उत्पन्नावर सरासरी दरानं कर कापायचा असतो आणि कमी-जास्त झालं तर त्याच वर्षात जुळवून घ्यायची मुभा असते. म्हणून दोन्ही रीती चालतात.

दिवाळीत हाती जास्त पैसे यावेत म्हणून लोक पसरवायचा आग्रह धरतात. माझं विचाराल तर एकदम गेलेलं बरं. जानेवारीत मुलांच्या शाळेची फी भरायची असते आणि तेव्हा पगार पाच हजारांनी कमी आला की बोनसचे पैसे कुठे गेले ते कुणाला आठवत नाही.

काही कंपन्यांत बोनस ठरलेला असतो, तेव्हा पगार विभाग तो एप्रिलपासूनच अंदाजात धरतो. मग दरमहा थोडा जास्त कर जातो आणि ऑक्टोबरात बोनसची रक्कम जवळजवळ पूर्ण हाती येते. अशा ठिकाणची माणसं शेजारच्या कारखान्यातल्या मित्राला सांगतात, 'आमच्याकडे बोनसवर कर लागत नाही!' लागतो बाबा, आधीच गेलेला असतो.

स्लिपवर आणखी दोन गोष्टी पाहा. बोनसवर पीएफ कापायचा नसतो. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यात मूळ वेतनातून बोनस वगळलेला आहे. आणि महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. बोनसमुळे त्या एका महिन्याची रक्कम २५,००० च्या वर गेली म्हणून २०० रुपये कापले असतील तर परत मागा. व्यवसाय कराच्या कायद्यात पगाराच्या व्याख्येतच 'बोनस सोडून' असं आहे. ही चूक सॉफ्टवेअर करतं आणि कुणी विचारत नाही म्हणून तशीच राहते.

बारा लाख पंचाहत्तर हजारांची खिंड

आता ज्यांना हे सगळ्यात जास्त लागू आहे त्यांच्याकडे येते. वजावटीनंतर उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर नव्या प्रणालीत ६०,००० पर्यंतची सवलत मिळून कर शून्य होतो. पगारदाराच्या भाषेत १२,७५,००० पर्यंत कर नाही. वर्तमानपत्रांनी हे इतकं मोठ्या अक्षरांत छापलं की आता प्रत्येकाला ते पाठ आहे. पण त्या आकड्याच्या जरा पुढे बोनसचं काय होतं ते छापायचं राहून गेलं.

टूलरूमचे एक सुपरवायझर आहेत. महिना ९५,०००, वर्षाचे ११,४०,०००. बोनस १,२०,००० मिळाला असता तर बेरीज १२,६०,०००, वजावटीनंतर ११,८५,०००, कर शून्य. पूर्ण बोनस खिशात. पण कंपनीचं वर्ष चांगलं गेलं आणि त्यांना दीड लाख मिळाले. बेरीज १२,९०,०००, वजावटीनंतर १२,१५,०००.

सरळ स्लॅबनं कर येतो ६२,२५०. म्हणजे १५,००० रुपये जास्त कमावले म्हणून बासष्ट हजार द्यायचे? एवढा अन्याय कायदा करत नाही. इथे सीमांत सवलत लागते, ज्याला आम्ही मार्जिनल रिलीफ म्हणतो: १२ लाखांच्या वर जितके कमावले त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर १५,०००. पण त्यावर उपकर लागतोच, ४ टक्के, ६०० रुपये. एकूण १५,६००.

हे आकडे नीट वाचा. बोनसचे पहिले १,३५,००० पूर्ण त्यांचे. शेवटचे १५,००० कमावले आणि १५,६०० भरले. ते १५,००० मिळालेच नसते तर त्यांच्या हातात ६०० रुपये जास्त असते. सुपरवायझरकाकांनी माझ्या हातातून पेन घेऊन हे पुन्हा मांडलं, तेवढंच आलं. मग म्हणाले, "साहेबांना सांगा, पंधरा हजार एप्रिलमध्ये द्या." तसं करता येत नाही. बोनस जाहीर होऊन देय झाला की तो त्याच वर्षाचा. उशिरा घेतला म्हणून वर्ष बदलत नाही.

ही खिंड कुठे संपते? पगार आणि बोनस मिळून साधारण १३,४५,६०० पर्यंत ही सीमांत सवलत चालते आणि तोपर्यंत १२,७५,००० च्या वरच्या प्रत्येक शंभर रुपयांवर १०४ जातात. त्यानंतर नेहमीचा १५ टक्के आणि उपकर सुरू होतो. हातात पुन्हा १२,७५,००० यायला ग्रॉस, म्हणजे कर आणि वजावटीआधीचा पगार आणि बोनस, साधारण १३,४९,००० लागतो. तुमचा आकडा या पट्ट्यात येत असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: बँकेचं व्याज. वार्षिक पगार आणि बोनस मिळून १२,६०,००० असताना तुम्ही निश्चिंत असता, पण मुदतठेवीचं २०,००० व्याज आलं की करपात्र उत्पन्न १२,०५,००० होतं आणि ५,२०० चा कर उभा राहतो. पगार विभागाला ते व्याज माहीत नसतं, म्हणून टीडीएस शून्य, आणि जुलैमध्ये रिटर्न भरताना धक्का.

यातून सुटायला नव्या प्रणालीत फारशा वाटा नाहीत. पीपीएफ, एलआयसी, ईएलएसएस यांचा तिथे कराला काही उपयोग नाही, मग दिवाळीत पेढे घेऊन येणारा एजंट काहीही म्हणो. एक वाट आहे ती एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, कंपनीनं भरायच्या रकमेची: बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत ती नव्या प्रणालीतही वजा होते. सुपरवायझरकाकांचं बेसिक ४०,००० आहे. पगाराची रचना बदलून जानेवारीपासून दरमहा ५,६०० एनपीएसला वळवले तर मार्चपर्यंत १६,८०० होतात, करपात्र उत्पन्न ११,९८,२०० वर येतं आणि कर शून्य. कंपनीनं ही सोय ठेवलेली असली पाहिजे आणि पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात, हे धरूनच ठरवा. काकांनी ते केलं. तुमच्या घरी कर्जाचे हप्ते थकत असतील तर मी ते करायला सांगणार नाही.

जुनी प्रणाली अजून घेता येते, पण आता मुद्दाम सांगावी लागते. काही कळवलं नाही तर कंपनी नवीच धरते. कंपनीला काहीही सांगितलेलं असलं तरी पगारदाराला रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते, फक्त रिटर्न मुदतीत भरायला हवं.

बोनस आला की हा निर्णय पुन्हा तपासा, एप्रिलमध्ये केलेला आंधळेपणानं चालवू नका. त्याच डिझाइनवाल्या इंजिनिअरचं बघा. तो पुण्यात २५,००० भाड्यानं राहतो आणि साताऱ्यात आईवडील राहतात त्या घराचं कर्ज फेडतोय. बेसिक ५०,०००, घरभाडे भत्ता २०,०००. भाड्याची सूट तीन आकड्यांतला सगळ्यात लहान तो घेऊन ठरते: मिळालेला भत्ता २,४०,०००, पुण्यासाठी बेसिकचे ४० टक्के, २,४०,०००, वर्षाचं भाडं ३,००,००० वजा बेसिकचे १० टक्के, २,४०,०००. योगायोगानं तिन्ही सारखे. त्यात गृहकर्जाचं व्याज २,००,०००, ८०सी कलमाखालच्या गुंतवणुकीचे १,५०,०००, आरोग्य विम्याचे २५,०००, प्रमाणित वजावट ५०,००० (जुनीत एवढीच) आणि व्यवसाय कर २,५०० मिळवले की ६,६७,५०० वजा होतात.

बोनस न धरता जुन्या प्रणालीत करपात्र ८,३२,५००, कर उपकरासह ८२,१६०. नव्यात ९७,५०० होता. म्हणजे जुनी १५,३४० नं स्वस्त. बोनस धरून जुन्यात करपात्र १०,३२,५००, कर १,२७,१४०, नव्यात १,३०,०००. फायदा उतरला २,८६० वर. कारण जुन्या प्रणालीत ५ ते १० लाखांवर २० टक्के आणि त्यापुढे थेट ३० टक्के, त्यामुळे त्याच बोनसवर तिथे ४४,९८० जातात, नव्यात ३२,५००. भाड्याच्या पावत्या, विम्याची कागदपत्रं, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट जमवायची दगदग अडीच-तीन हजारांसाठी करायची का, हे ज्याचं त्यानं बघावं. गृहकर्ज किंवा मोठं भाडं यातलं एकच असेल, तर या पगाराला जुनी प्रणाली बहुतेक हरतेच.

मधेच नोकरी बदललीत तर

इथे मात्र लक्ष द्या, कारण यात कुणाची फसवणूक नसते, सॉफ्टवेअरची चूक नसते, तरी माणूस अडकतो.

समजा सप्टेंबरपर्यंत जुन्या कंपनीत महिना १,००,००० होता. त्यांनी वर्षाचा अंदाज १२,००,००० धरला, वजावट काढली, कर शून्य, टीडीएस शून्य. ऑक्टोबरपासून नवी कंपनी, महिना १,१०,००० आणि वर १,५०,००० जॉइनिंग बोनस. नव्या कंपनीला तुमचं वर्ष ऑक्टोबरपासून दिसतं: ६,६०,००० अधिक १,५०,०००, म्हणजे ८,१०,०००. वजावटीनंतर ७,३५,०००. तेही सवलतीत, टीडीएस शून्य. मार्चपर्यंत तुम्ही खुश.

रिटर्न भरताना दोन्ही कंपन्यांचे फॉर्म सोळा, म्हणजे पगार आणि टीडीएसचे दाखले, शेजारी ठेवले की बेरीज येते १४,१०,०००. वजावट एकदाच, ७५,०००. उरले १३,३५,०००. कर ६०,००० अधिक १,३५,००० वर १५ टक्के म्हणजे २०,२५०, उपकर ३,२१०, एकूण ८३,४६०. आजवर भरलेला कर शून्य. हे सगळे जुलैमध्ये एकदम, वर आगाऊ कर भरला नाही म्हणून दरमहा १ टक्क्यानं व्याज.

उपाय अगदी सोपा आहे. नव्या कंपनीत रुजू होताना फॉर्म १२ब भरून जुन्या कंपनीचा पगार आणि तिथे कापलेला टीडीएस कळवा. मग नवी कंपनी पूर्ण वर्ष धरून कर कापते. जुना पगार नव्या ठिकाणी सांगायचा नसतो अशी काही जणांची समजूत असते. तसं वाटत असेल तर स्वतः हिशोब करून १५ मार्चपर्यंत आगाऊ कर भरून टाका. कापलेल्या करानंतर १०,००० किंवा त्याहून जास्त देणं उरत असेल तर ते तुमचंच काम आहे, कंपनीचं नाही.

युनियनच्या करारातला मागच्या वर्षांचा पगाराचा फरक बोनससोबत एकदम हाती आला असेल तर तो फरक वेगळा काढा. मागच्या वर्षांचा पगार या वर्षी मिळाल्यामुळे कर वाढला, तर त्याला कलम ८९ ची सवलत आहे. त्यासाठी रिटर्नच्या आधी आयकराच्या पोर्टलवर फॉर्म १०ई भरावा लागतो. तो न भरता रिटर्नमध्ये सवलत मागितली की नोटीस येते. कुठल्या महिन्याचा किती फरक, याचा तक्ता पगार विभागाकडून लेखी घ्या. आमच्याकडे मागितला की मिळतो, पण मागणारे थोडे.

आणि जॉइनिंग बोनस घेताना पत्रातली बारीक अक्षरं वाचा. 'बारा महिन्यांच्या आत सोडल्यास रक्कम परत करावी' असं बहुतेक पत्रांत असतं. किती परत करायची? दीड लाख दिले, कर कापून हाती एक लाख तीस आले, आणि सोडताना कंपनी दीड लाख मागते. कापलेले वीस हजार सरकारजमा झालेले असतात. त्याच आर्थिक वर्षात सोडलंत तर पगार विभाग वसुली पगारातून वजा दाखवून टीडीएस जुळवू शकतो. मार्च उलटला की फॉर्म सोळा निघालेला असतो, आणि मग तो कर मिळवणं तुमच्या आणि सीएच्या डोक्याला ताप. म्हणून सही करण्याआधी एचआरला मेलवर एकच ओळ विचारा: परतफेड ग्रॉस रकमेची की हाती आलेल्या रकमेची? उत्तरही मेलवरच घ्या.